बीआयएस मॉनिटर: भुलीची खोली दाखवणारं यंत्र कुठे कामाचं, कुठे फसवं

बीआयएस (बायस्पेक्ट्रल इंडेक्स) मॉनिटरबद्दल बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: आकडा ४० ते ६० मध्ये ठेवा, म्हणजे भूल बरोबर लागली. यंत्र विकायला येणाराही हेच सांगतो आणि ओटीत नवा आलेला रेसिडेंट डॉक्टरही हेच पाठ करतो. आमचं मत वेगळं आहे. या पडद्यावर सगळ्यात ठळक दिसतो तो आकडा, आणि पडद्यावरची सगळ्यात कमी भरवशाची माहितीही तीच. त्याच्या शेजारी सरकणारी ईईजीची (मेंदूच्या विद्युत हालचालीची) लाट, सिग्नलचा दर्जा, ईएमजीची (स्नायूंच्या विद्युत हालचालीची) पट्टी आणि एसआर (ईईजी किती टक्के वेळ सपाट आहे) एवढं वाचता येत असेल तर हे यंत्र फार मोलाचं आहे. नुसता आकडाच बघायचा असेल तर काही ऑपरेशनांत ते नसलं तरी अडत नाही आणि काहींत ते सरळ दिशाभूल करतं.

ॲस्पेक्ट मेडिकल सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने हे तयार केलं आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली. २००९ मध्ये ती कंपनी कोविडियनने घेतली आणि २०१५ मध्ये कोविडियन मेडट्रॉनिककडे गेली. माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लाटा टिपता येतात हे हान्स बर्गर यांनी १९२९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. भूल दिल्यावर त्या लाटा बदलतात हेही १९३० च्या दशकात माहीत झालं होतं. पण डोकंभर इलेक्ट्रोड लावून ईईजीचे कागद वाचत बसायला चालू ऑपरेशनात सवड कुणाला? बीआयएसने ते काम कपाळावरच्या एका पट्टीवर आणि ० ते १०० मधल्या एका आकड्यावर आणलं. जागा माणूस ९० च्या वर, गुंगीतला साधारण ६० ते ८०, जनरल ॲनेस्थेशिया (पूर्ण भूल) ४० ते ६०, त्याखाली गरजेपेक्षा खोल आणि ० म्हणजे सपाट ईईजी.

आकडा कशातून तयार होतो हे कळलं की तो कुठे चुकेल हेही कळतं. हलकी गुंगी ओळखायला यंत्र ३० ते ४७ हर्ट्झच्या वेगवान लाटांची ताकद ११ ते २० हर्ट्झच्या लाटांशी ताडून बघतं. भूल खोल गेली की वेगवेगळ्या लाटा एकमेकींशी किती जुळून चालल्या आहेत हे पाहतं. बायस्पेक्ट्रल हे नाव त्याच हिशेबावरून पडलं. आणखी खोल गेल्यावर ईईजी किती वेळ सपाट राहते ते मोजतं. कोणत्या पातळीला कशाला किती वजन द्यायचं ते यंत्र आतल्या आत ठरवतं आणि हा हिशेब कंपनीने गुपित ठेवला आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी तो बाहेरून बऱ्याच अंशी पुन्हा बांधून दाखवला, ही चांगली गोष्ट झाली. ज्या आकड्यावर औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरतं, तो कसा काढला हे भूलतज्ज्ञाला कळायला हवंच.

यातली ३० ते ४७ हर्ट्झची पट्टी लक्षात ठेवा. कपाळाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंची विद्युत हालचालही याच पट्टीत घुसते. स्नायू आखडला तरी यंत्राला वाटतं मेंदू जागा होतोय, आणि स्नायू शिथिल पडले की वाटतं मेंदू झोपला. या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष इथे आहे. त्याकडे पुढे येऊच.

आधी सेन्सर, कारण बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. मोठ्या माणसाच्या पट्टीवर चार गोल असतात. पहिला कपाळाच्या मधोमध, नाकाच्या मुळापासून साधारण ५ सेंटिमीटर वर. चौथा भुवईच्या लगेच वर, तिला समांतर. तिसरा कानशिलावर, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि केसांची रेघ यांच्या मध्ये. हे तीन नीट बसले की दुसरा आपोआप जागेवर येतो. पट्टी कपाळावर तिरकी दिसायला हवी. आडवी दिसत असेल तर तिसरा गोल बहुधा केसांत गेलेला असतो.

लावण्याआधी कपाळ स्पिरिटने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या त्वचेवर पट्टी चिकटल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासात कडेने सुटते. आधी प्रत्येक गोलाच्या कडा बोटाने फिरवून चिकटवायच्या, मग एकेक गोल ५ सेकंद दाबून धरायचा. हे ५ सेकंद उगाच सांगितलेले नाहीत. जेलच्या थरात बारीक दाते असतात, दाबल्यावर ते त्वचेचा वरचा मृत थर बाजूला सारतात आणि जेल खालपर्यंत पोचते. मग यंत्र प्रत्येक गोलाचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) तपासतं: सिग्नलच्या इलेक्ट्रोडला ७.५ किलोओमच्या खाली, ग्राउंडला ३० किलोओमच्या खाली. एखादा गोल नापास झाला तर लगेच नवी पट्टी फोडू नका. आधी तोच गोल पुन्हा ५ सेकंद दाबा. तरी जमलं नाही तर तेवढा भाग उचलून खालची त्वचा पुसा, वाळू द्या आणि परत लावा. बहुतेक वेळा काम भागतं.

पट्टी एकाच पेशंटसाठी असते. वापरलेली पट्टी पुसून पुढच्याला लावण्याचा मोह होतो, कारण खर्च यंत्रापेक्षा पट्ट्यांचा जास्त वाढतो. पण एकदा वापरल्यावर दाते चपटे होतात आणि जेल वाळते. इम्पीडन्स कधी जेमतेम पास होतो, कधी तासाभराने वाढून नापास होतो, आणि मिळणाऱ्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. संसर्गाचा धोका वेगळाच. अशा पट्टीवरचा आकडा पाहण्यापेक्षा यंत्र बंद ठेवलेलं बरं.

पट्टी पेशंट जागा असतानाच लावावी. जाग्या माणसाची लाट बारीक, दाट आणि कमी उंचीची असते, पापणी मिटली की मोठा झटका दिसतो आणि आकडा ९० च्या वर असतो. हा त्या पेशंटचा स्वतःचा आधार. डिमेन्शिया असलेल्या किंवा मेंदूला इजा झालेल्या पेशंटचा जागेपणीच आकडा कमी असू शकतो. काही निरोगी माणसांची ईईजीही जन्मतःच कमी उंचीची असते आणि तिचा आकडा खाली येतो. भूल दिल्यावर पट्टी लावली तर हे काहीच कळत नाही आणि ४५ म्हणजे नक्की काय, याचा अंदाज राहत नाही.

पालथ्या पेशंटमध्ये पट्टीच्या टोकाचा कडक कनेक्टर कपाळाखाली येणार नाही हे पाहा. तासन्‌तास दाब राहिला तर त्वचेवर जखम होते. आणि मेंदूच्या ऑपरेशनात कपाळावर चीर येणार असेल तर पट्टीच्या जागेबद्दल सर्जनशी आधीच बोलून घ्या.

आता पडदा. वाचायचा क्रम असा: आधी एसक्यूआय, मग ईएमजी, मग एसआर, मग लाट आणि सगळ्यात शेवटी आकडा. एसक्यूआय म्हणजे सिग्नलचा दर्जा, ० ते १००. तो ५० च्या खाली गेला की आकडा पोकळ अक्षरात दिसतो आणि १५ च्या खाली गेला की गायब होतो. पोकळ आकड्यावर औषधाचा डोस बदलू नये. ही सूचना यंत्र स्वतःच देतं, तरी तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ईएमजीची पट्टी ७० ते ११० हर्ट्झमधली ताकद दाखवते, म्हणजे स्नायूंचा आवाज आणि बाहेरचा विद्युत गोंधळ. ही पट्टी वाढलेली असेल तर आकड्यात मेंदूशिवाय आणखी काही मिसळलंय असं धरा.

समजा आकडा ४८ वर स्थिर आहे आणि अचानक ७२ झाला. भुलीचं औषध लगेच वाढवायचं का? आधी पाहा, सर्जनने कॉटरी (विजेने कापणारं, रक्तस्राव थांबवणारं उपकरण) चालू केली आहे का. कॉटरीच्या वेळी लाट जाड, काळी, दातेरी होते आणि एसक्यूआय पडतो. डोक्याजवळ गरम हवेचा ब्लोअर आहे का? त्यामुळे आकडा खोटा वाढल्याचं दिसून आलेलं आहे. पेसमेकर, सायनसच्या ऑपरेशनातला शेव्हर, चुंबकीय नॅव्हिगेशनचं उपकरण यांपैकी काही चालू आहे का? यांतलं काही नसेल आणि ईएमजी वाढलेला असेल, तर एक शक्यता अशी की स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरतोय, मेंदू अजून झोपलेलाच आहे. दुसरी शक्यता अशी की कळ पोचतेय आणि पेशंट वर येतोय. दोन्हींचा निकाल लाटेवर लागतो. लाट अजून मोठी, संथ आणि तिच्यावर बारीक कुरळी रेघ असेल तर भूल आहे. लाट बारीक, दाट आणि कमी उंचीची झाली असेल तर आकडा खरं सांगतोय. हे सगळं बघताना भुलीच्या वायूची पातळी, सिरिंज पंप, कॅन्युला (शिरेतली नळी) आणि नाडी-रक्तदाब यांवरूनही नजर फिरवायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते याच क्रमाने व्हायला हवं.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा स्वयंसेवकांना पूर्ण जागेपणी, भुलीचं काहीही न देता, फक्त स्नायू शिथिल करणारी औषधं दिली: एकदा सक्सामिथोनियम, एकदा रोक्युरोनियम. लोक पूर्ण शुद्धीत होते. तरी बीआयएस सक्सामिथोनियमने ४४ पर्यंत आणि रोक्युरोनियमने ४७ पर्यंत खाली गेला. म्हणजे जनरल ॲनेस्थेशियाचा आदर्श आकडा पडद्यावर आणि माणूस मात्र जागा. ज्या पेशंटला हलता येत नाही त्याच्यासाठीच आपण हे यंत्र लावतो, आणि नेमकं तिथेच ते स्नायूंच्या शांततेला झोप समजू शकतं. हा एक निष्कर्ष प्रत्येक वापरणाऱ्याला माहीत असलाच पाहिजे. बीआयएस ४५ आणि स्नायू पूर्ण शिथिल, एवढ्यावर वायू कमी करणं बरोबर नाही. म्हणून बीआयएसच्या बरोबरीने स्नायूंच्या शिथिलतेचं मोजमाप करणारा टीओएफ मॉनिटर हवा. शिथिलता जितकी लागते तितकीच ठेवली तर हा घोटाळाही कमी होतो. श्वासाची ट्यूब काढण्याआधी टीओएफ रेशो, म्हणजे स्नायूच्या चार आकुंचनांतल्या चौथ्याचं पहिल्याशी प्रमाण, ०.९ च्या वर गेल्याची खात्री तर कुठल्याही परिस्थितीत करायचीच.

आकडा उशिराही येतो. यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी काढतं; ती १०, १५ किंवा ३० सेकंदांची ठेवता येते, पण हिशेबाचा वेळ त्यात आणखी मिळतो. इंडक्शनच्या वेळी, म्हणजे भूल सुरू करताना, किंवा पेशंट उठताना ज्या वेगाने बदल होतात, त्या वेगाने आकडा धावत नाही. तुम्हाला दिसतो तो थोड्या वेळापूर्वीचा मेंदू. लाट मात्र त्या क्षणाची असते. इंडक्शनला सरासरी १० किंवा १५ सेकंदांवर ठेवावी, लांबच्या स्थिर ऑपरेशनात ३० चालते.

औषधाप्रमाणे आकड्याचा अर्थ बदलतो, हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. बीआयएसचा हिशेब बसवला गेला तो प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेस्फ्लुरेन यांसारख्या औषधांवर. तिथे तो सगळ्यात बरा चालतो. केटामिन दिलं की लाट वेगवान होते आणि आकडा चढतो, पेशंट मात्र आणखी खोल गेलेला असतो. अशा वेळी आकडा खाली आणायला प्रोपोफॉल वाढवलं तर रक्तदाब पडतो आणि जाग उशिरा येते. नायट्रस ऑक्साइडने शुद्ध हरपते तरी आकडा जवळपास हलत नाही. डेक्समेडेटोमिडिनवर आकडा छान खाली येतो, पण पेशंटला हाक मारली, हलवलं तर तो डोळे उघडतो; ती नैसर्गिक झोपेजवळची अवस्था आहे. याशिवाय शरीर थंड पडलं, साखर पडली, मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाला तरी आकडा खाली येतो.

हा शेवटचा मुद्दा यंत्राच्या बाजूने जातो. औषध बदललेलं नाही, ऑपरेशनची पायरी तीच, आणि आकडा ४५ वरून २० वर आला, एसआर वाढला, तर भूल खोल गेली असं म्हणून सोडून देऊ नका. रक्तदाब पाहा, कॅप्नोग्राफीचा (बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा) आलेख अचानक खाली आलाय का पाहा, मानेच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन असेल तर क्लॅम्पची (चिमट्याने रक्तवाहिनी बंद केल्याची) वेळ पाहा, डोक्याची स्थिती पाहा, तापमान आणि साखर तपासा. मेंदूला रक्त कमी पडल्याची पहिली खूण कधीकधी या पट्टीवर उमटते.

आता लाट वाचण्याबद्दल. भूलतज्ज्ञाला मेंदूविकारतज्ज्ञाइतकी ईईजी यायची गरज नाही, चार-पाच चित्रं ओळखता आली की पुरे. प्रोपोफॉलची नीट लागलेली भूल अशी दिसते: खाली १ हर्ट्झच्या आसपासची मोठी संथ डेल्टा लाट आणि तिच्या पाठीवर ८ ते १२ हर्ट्झची एकसारखी अल्फा रेघ. स्पेक्ट्रोग्रामची (कोणत्या वेगाच्या लाटा किती जोरात आहेत हे रंगांत दाखवणाऱ्या चित्राची) सोय असेल तर हेच दोन आडव्या रंगीत पट्ट्यांसारखं दिसतं, एक तळाशी आणि एक १० हर्ट्झच्या आसपास. सेव्होफ्लुरेन वाढवलं की या दोन पट्ट्यांमधली जागा, थेटाचा भाग, भरून येते. केटामिनने २५ ते ३० हर्ट्झच्या वर रंग चढतो आणि अल्फाची पट्टी मोडते. हे दिसलं की वाढलेल्या आकड्याची भीती जाते. वयस्क पेशंटांत अल्फाची पट्टी मुळातच फिकी असते. स्पेक्ट्रोग्राम नसलेलं जुनं मॉडेल असेल तर नुसती लाटही पुरते, फक्त सरावाला थोडा जास्त वेळ लागतो. नवं यंत्र घेताना मात्र स्पेक्ट्रोग्रामचा आग्रह धरा. आमच्या मते गेल्या काही वर्षांत या यंत्रांत झालेली सगळ्यात उपयोगी सुधारणा तीच आहे.

सहा महिन्यांखालच्या बाळांत ईईजीची घडणच वेगळी असते, त्यामुळे तिथे आकडा वापरू नये.

पाचवं चित्र बर्स्ट सप्रेशनचं: थोडा वेळ उसळलेल्या लाटा, मग सपाट रेघ, पुन्हा उसळी. एसआर म्हणजे मागच्या ६३ सेकंदांत किती टक्के वेळ ईईजी सपाट होती. इथे आकड्याची एक खोड आहे. एसआर ४० टक्क्यांच्या पुढे गेला की बीआयएस सरळ सूत्राने चालतो: ५० मधून एसआरचा निम्मा वजा. एसआर ४० असेल तर बीआयएस ३०, एसआर ६० असेल तर २०. पण एसआर ४० च्या खाली असताना दोघांचा मेळ नसतो. एसआर १० झाला, २५ झाला, तरी आकडा तिशीच्या आसपास घुटमळत राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं फारसा फरक नाही. मेंदू तोवर मिनिटाचा पाव भाग गप्प झालेला असतो. म्हणून वयस्क पेशंटांत आकड्याचा अलार्म लावण्यापेक्षा एसआर शून्याच्या वर गेला की औषध कमी करायचं, हा नियम जास्त कामाचा. वयाच्या दर दशकाला मॅक (निम्मे पेशंट चीर दिल्यावर हलत नाहीत ती वायूची पातळी) साधारण ६ टक्क्यांनी उतरतो. ऐंशीच्या पेशंटला चाळिशीच्या हिशेबाने वायू दिला तर हे चित्र दिसणारच.

बर्स्ट सप्रेशन टाळल्याने ऑपरेशननंतरचा भ्रम, म्हणजे डिलिरियम, कमी होतो का, यावर निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. २०१९ च्या एन्गेजेस अभ्यासात साठीच्या पुढच्या १,२३२ पेशंटांपैकी निम्म्यांची भूल ईईजी पाहून दिली. सप्रेशनचा मध्यक वेळ १३ मिनिटांवरून ७ वर आला, पण डिलिरियम एका गटात २६ टक्के आणि दुसऱ्यात २३, म्हणजे ईईजी पाहून फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या बॅलन्स्ड अभ्यासात ६,६४४ पेशंटांत बीआयएस ५० आणि ३५ अशी तुलना होती. वर्षभरातले मृत्यू ६.५ आणि ७.२ टक्के, फरक योगायोगात बसणारा. मात्र त्यातल्याच ५१५ पेशंटांवरच्या उपअभ्यासात, २०२१ मध्ये, बीआयएस ५० च्या गटात डिलिरियम १९ टक्के आणि ३५ च्या गटात २८ टक्के दिसला. आमचा अर्थ असा: एन्गेजेसमध्ये दोन्ही गटांच्या भुलीत अंतर फार थोडं होतं, उपअभ्यासात ते जास्त होतं. खोल भूल टाळायचं कारण त्यातून मिळतं. डिलिरियम हमखास टळेल असं आश्वासन मिळत नाही आणि जाहिरातीने ते देऊही नये.

ज्या कामासाठी यंत्र विकलं गेलं ते काम म्हणजे ऑपरेशनमध्ये जाग येऊन ते पुढे आठवणं. तिथला इतिहासही वाचण्यासारखा आहे. २००४ च्या बी-अवेअर अभ्यासात जागेपणाचा धोका जास्त असलेल्या २,४६३ पेशंटांत बीआयएसच्या गटात २ आणि नेहमीच्या पद्धतीत ११ जणांना जाग आठवली. यंत्राची कीर्ती इथून झाली. मग २००८ मध्ये बी-अनअवेअर आला. तिथे दुसऱ्या गटाला नुसतं सोडून दिलं नव्हतं; श्वासातल्या वायूची पातळी ०.७ ते १.३ मॅक मध्ये ठेवण्याचा अलार्म होता. दोन्हीकडे २-२ जण निघाले. २०११ च्या बॅग-रिकॉलमध्ये ६,०४१ पेशंट घेऊन तेच पुन्हा तपासलं: बीआयएसकडे ७, वायूच्या अलार्मकडे २. साधी गोष्ट सिद्ध झाली. सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनवर भूल चालू असेल, गॅस ॲनालायझर (श्वासातला वायू मोजणारं यंत्र) असेल आणि ०.७ मॅकचा अलार्म खरोखर चालू ठेवलेला असेल, तर जाग टाळायला बीआयएस त्याहून सरस नाही. अशा ठिकाणी आधी गॅस ॲनालायझर घ्या, उरलेल्या पैशाचा विचार नंतर.

टिव्हामध्ये, म्हणजे सगळी भूल शिरेतून देताना, चित्र पालटतं. प्रोपोफॉल श्वासात मोजायची रोजच्या वापराची सोय नाही. पंपावर ३ किंवा ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दिसतं ते गणिताने काढलेलं असतं, पेशंटच्या रक्तात मोजलेलं नव्हे. कॅन्युला शिरेबाहेर सरकली, थ्री-वे (नळ्या जोडणारी तोटी) चुकीच्या बाजूला वळली, प्रोपोफॉल सलाईनच्या नळीत उलटं चढत गेलं, पंपात सिरिंजचा आकार चुकीचा निवडला, एका औषधाची सिरिंज दुसऱ्याच्या प्रोग्रामवर लावली, तरी पंप शांतपणे तोच आकडा दाखवत राहतो. स्नायू शिथिल असल्याने पेशंट हलत नाही. बीटा ब्लॉकरवर (नाडी मंदावणाऱ्या औषधावर) असेल तर नाडीही फारशी वाढत नाही. या सगळ्यात मेंदूकडून थेट येणारी बातमी एकच, कपाळावरची. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची सूचनाही अशीच आहे की टिव्हा आणि स्नायू शिथिल करणारं औषध एकत्र असेल तेव्हा प्रक्रिया केलेली (बीआयएससारखी) ईईजी लावावी. आमच्या मते हे ऐच्छिक नाही. टिव्हा करायचा असेल तर हे यंत्र किंवा याच जातीचं दुसरं असायलाच हवं, कॅन्युला डोळ्यांसमोर हवी आणि नळीत अँटीरिफ्लक्स (उलटा प्रवाह रोखणारा) व्हॉल्व्ह हवा.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भुलीतल्या जागेपणावरच्या २०१४ च्या एनएपी-५ पाहणीत हीच दिशा दिसते. पेशंटांनी आपणहून सांगितलेल्या जागेपणाचं प्रमाण एकूण १९,००० मध्ये १ होतं. स्नायू शिथिल केलेल्यांत ८,२०० मध्ये १, न केलेल्यांत १,३६,००० मध्ये १. सीझेरियनच्या जनरल ॲनेस्थेशियात ६७० मध्ये १. बरेच प्रसंग इंडक्शनला किंवा उठताना घडले होते, म्हणजे आकडा मागे पडतो त्याच वेळी. म्हणून पट्टी ऑपरेशन संपत आलं म्हणून आधीच ओढून काढू नये; ट्यूब निघेपर्यंत ती राहू द्यावी. आणि नंतर पेशंटला विचारायलाच हवं. १९७० पासून वापरात असलेले ब्राइस यांचे प्रश्न पुरेसे आहेत: झोपण्याआधीची शेवटची आठवण कोणती, उठल्यावरची पहिली कोणती, मध्ये काही आठवतं का, स्वप्न पडलं का, सगळ्यात त्रासदायक काय वाटलं. हे एकदा रिकव्हरीत आणि पुन्हा काही दिवसांनी विचारावेत, कारण आठवण उशिरा वर येऊ शकते.

वेदनेबद्दल गैरसमज फार आहे. बीआयएस वेदना मोजत नाही. चीर देण्याआधी आकडा ४५ असला म्हणजे चीर दिल्यावर पेशंट शांत राहील असं नाही. कळ पोचली की आकडा वर जाईलच असंही नाही. पोटातली आतडी ओढताना कधीकधी मोठ्या संथ लाटा येतात, अल्फा पुसली जाते आणि आकडा उलट खाली पडतो. तो बघून प्रोपोफॉल कमी केलं तर चूक दुप्पट होते. तिथे फेंटानिल किंवा रेमिफेंटानिल (वेदनाशामक) द्यायची, नाहीतर ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) नीट चालतोय का ते बघायची वेळ असते. कळ मोजण्यासाठी वेगळी साधनं आहेत. एएनआय हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउतारावर चालतं, एसपीआय पल्स ऑक्सिमीटरच्या लाटेवर. दोन्ही १०० च्या मापात आकडा देतात, पण दिशा उलट्या: एएनआय कमी झाला म्हणजे त्रास, एसपीआय वाढला म्हणजे त्रास. ॲट्रोपिन, पेसमेकर किंवा अनियमित ठोके असतील तर दोन्ही डळमळतात.

बीआयएसच्या पर्यायांत मासिमो कंपनीच्या सेडलाइन यंत्राचा आकडा, पीएसआय, २५ ते ५० मध्ये ठेवतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंची ईईजी आणि स्पेक्ट्रोग्राम वेगवेगळे दाखवणं ही त्याची जमेची बाजू. जीईच्या एन्ट्रॉपीत दोन आकडे असतात: स्टेट ९१ पर्यंत, रिस्पॉन्स १०० पर्यंत. दोहोंत अंतर पडलं की कपाळाचे स्नायू जागे झालेत हे लगेच कळतं, ही कल्पना आम्हाला बीआयएसच्या ईएमजी पट्टीपेक्षा जास्त सुटसुटीत वाटते. ओटीतला मुख्य मॉनिटर ज्या कंपनीचा आहे त्यात बसणारं मॉड्यूल घेणं बहुधा शहाणपणाचं, कारण वेगळं खोकं कोपऱ्यात पडून राहतं.

घेण्याआधी विक्रेत्याला पडद्यावर तीन गोष्टी दाखवायला सांगा: कच्ची लाट २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने, एसआरचा ट्रेंड आणि स्पेक्ट्रोग्राम. हे मुख्य मॉनिटरवर दिसत नसेल आणि नुसता आकडाच येत असेल तर ते मॉड्यूल घेऊ नका. इव्होक्ड पोटेन्शियलची (नसांना उत्तेजन देऊन त्यांचा प्रतिसाद मोजण्याची) ऑपरेशनं होत असतील तर सतत चालणारी इम्पीडन्स तपासणी बंद करता येते का ते विचारा. तिचा १२८ हर्ट्झचा सिग्नल त्या उपकरणात घुसतो. पट्ट्यांचा साठा गरजेपुरताच ठेवा. त्यांना मुदत असते, पाकीट आधी फोडून ठेवलं तर जेल वाळते, आणि मुदत संपलेल्या पट्टीने इम्पीडन्स नापास झाला की दोष यंत्राच्या माथी मारला जातो.